गाऱ्हाण्याआधीचे पाच श्वास

...काही करू नका म्हणे! नुसतं बसा, डोळे मिटा, श्वास आत येतोय तो बघा, बाहेर जातोय तो बघा, आणि बाकी काही करू नका! अहो, तुम्हाला सांगतो, काही न करणं यासारखं अवघड काम जगात नाही, आणि हे सांगतोय कोण, तर ज्याने बावीस वर्षं हातखंब्याच्या तिठ्यावर बसून जळलेल्या मोटारींना नवी तार भरलीय, ज्याने भर मे महिन्यात पावस गावच्या बागांतल्या चाळीस-चाळीस फूट विहिरीत उतरून पंप वर काढलेत... त्यात काही नाही हो, दोर धरला की माणूस उतरतो! पण हे श्वास बघणं? श्वासात काय बघायचंय? तो काय पळून चाललाय? आणि पळालाच, तर बघायला मी कुठे राहणार आहे? पण हे विचारायचं कोणाला? विचारायला तोंड लागतं, आणि आपलं तोंड म्हणजे... जाऊ दे. आपल्याच्यानं काय होणार!

हे शेवटचं वाक्य ऐकलंत ना? तेच दुखणं. कोणाला गुडघा असतो, कोणाला साखर असते, मला हे वाक्य होतं. कोणी काही काम सांगितलं की आधी हे बाहेर पडायचं आणि मागून मी. रस्त्यात एखाद्याने माझ्या पायावर पाय दिला तर सॉरी मी म्हणायचो. हॉटेलात मिसळ सांगावी आणि समोर इडली यावी, तर गप खायचो, वर 'छान झालीय' म्हणून सांगायचो. अहो, माझ्या स्वतःच्या लग्नाचा फोटो! फोटोवाला म्हणाला, 'जरा सरका.' तो म्हणाला सगुणाच्या मामांना, सरकलो मी. आता त्या फोटोत सगुणा आहे, मामा आहेत, आणि कडेला मुंडावळी लोंबणारा एक कान आहे, तो कान म्हणजे मी. पंचवीस वर्षं तो फोटो भिंतीवर आहे आणि पाहुणे विचारतात, नवरा कुठाय.

आता हे दुखणं आलं कुठून? तर आमच्या वडिलांकडून. तसे ते वाईट नव्हते हो, उलट वाडीत त्यांचं केवढं नाव! गाऱ्हाणं घालावं तर त्यांनीच. तुम्हाला ठाऊक असेल, पण इथे घाटावरचे कोणी बसले असतील म्हणून सांगतो. शिमग्यात देवाची पालखी सहाणेवर, म्हणजे त्या चौथऱ्यावर, येऊन बसली की एका माणसाने पुढे व्हायचं, देवाला हाक घालायची आणि सगळ्या गावाच्या वतीने मागायचं, की बाबा रे, पोराबाळांना सांभाळ, गुराढोरांना सांभाळ, दर्यावर गेलेत त्यांना सांभाळ, मुंबईला गेलेत त्यांना सांभाळ, आणि प्रत्येक मागण्याला मागून सगळा गाव ओरडणार, 'व्हय म्हाराजा!' एक्केचाळीस वर्षं हे काम आमच्या बाबांनी केलं. ते बोलायला लागले की ढोलवाले ढोल खाली ठेवायचे. आणि मी बारा वर्षांचा असताना एकदा त्यांनी मला पुढे ओढलं, म्हणाले, एक वाक्य तू बोल, सवय होईल. आता बारा वर्षांच्या पोराचा आवाज! नेमका तेव्हाच फुटत होता. तोंड उघडलं आणि आतून बोकड बाहेर आला. सगळी सहाण हसली. बाबाही हसले, कपाळाला हात लावून म्हणाले, 'ह्याच्यान काय व्हनार!' बस, एवढंच. बोलले आणि विसरले. मी मात्र ते नीट घडी घालून ठेवलं, आणि पस्तीस वर्षं रोज अंगात घातलं.

बाबा वारले ते गेल्याच्या आदल्या दिवाळीत. गेल्या वर्षीच्या शिमग्याला वर्षाच्या आतलं म्हणून आम्हाला सण नव्हता, तेव्हा केरूतात्यांनी गाऱ्हाणं घालून कसंबसं निभावलं. केरूतात्या म्हणजे आमच्या वाडीतलं सगळ्यात जुनं माणूस, बाबांचे जोडीदार, वय अठ्ठ्याहत्तर, तोंडात दात दोन आणि दोघांचं आपसात पटत नाही. त्यांनी यंदा पौषातच गावकीची बैठक बसवली आणि सगळ्यांसमोर मला म्हणाले, 'सदू, औंदा गाऱ्हाणं तू घालायचंस. बापसाचा मान हाय, तो काय मी मांडीवर घेऊन बसू?' आता बघा, माणूस उभा राहिला नाही तर मान दुसऱ्या घरी जातो, आणि गेलेला मान परत येत नाही, शेजारी गेलेल्या पातेल्यासारखा. तीन पिढ्यांचा मान! बैठकीत सगळे माझ्याकडे बघतायत. मला 'नको' म्हणायचं होतं. पण तुम्हाला सांगतो, 'नको' म्हणायलाही आत्मविश्वास लागतो! तो कुठे होता? म्हणून मी 'हो' म्हणालो.

घरी आलो तर सगुणा भाकरी थापत होती. तिला सांगितलं. तिचा हात थांबला. म्हणाली, 'अहो, तुम्हाला दूधवाल्याला उद्या दूध नको एवढं सांगता येत नाही, म्हणून आपल्याकडे तीन माणसांना रोज दीड लिटर दूध येतं. आणि तुम्ही देवाशी बोलणार?' काय चूक आहे यात? काहीच नाही. मी म्हणालो, खरंय गो, आपल्याच्यानं काय होणार. झालं, आमची मुलगी ईशा, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे, ती मोबाइलमधून डोकं वर काढून म्हणाली, 'बाबा, तुमचा सेल्फ-एस्टीम लो आहे.' मी घाबरलो. म्हटलं रक्तात की लघवीत? ती म्हणाली मनात. मग तिने समजावलं आणि मला बरोब्बर कळलं, कारण ती आमच्या धंद्यातलीच भानगड आहे. व्होल्टेज कमी असलं की मोटार फिरत नाही, नुसती गुरगुरते, आणि तशीच चालू ठेवली तर एक दिवस जळते. मी पस्तीस वर्षं गुरगुरत होतो. ईशाने तिथल्या तिथे मोबाइलवर माझं नाव घातलं. रत्नागिरीत, मारुती मंदिराजवळ, दर रविवारी सकाळी, आठ रविवार, 'ध्यान आणि निरोगी विचार', शिकवणार महरीन मॅडम. मला विचारलंसुद्धा नाही. विचारून तरी मी काय सांगणार होतो?

तर पहिला रविवार. दुसरा मजला, एक लांबट खोली, जमिनीवर सोळा गाद्या, सोळा माणसं. महरीन मॅडम म्हणजे मिऱ्याकडच्या, चाळिशीच्या असतील, आवाज असा की पाण्यावर तेल सोडावं. आणि माझ्या शेजारच्या गादीवर कोण? फारुकभाई! पावसचे, त्यांच्या बागेतला पंप मीच बघतो. अठरा वर्षं जहाजावर इंजिनरूममध्ये होते, आता कायमचे घरी आलेत. मी म्हटलं, तुम्ही इथे कसे? तर कानात म्हणाले, 'सदू, एवढं मोठं जहाज चालवत होतो रे. आता बायको मला कुकरच्या शिट्ट्या मोजायला बसवते. आणि त्यातही चुकलो म्हणते.' मला एकदम बरं वाटलं. म्हणजे वाईट वाटायला हवं होतं, पण खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

मॅडम म्हणाल्या, डोळे मिटा. मिटले. म्हणाल्या, मनात विचार येतील, येऊ द्या. रस्त्यावरून एसटी जाते तसे ते जातील, प्रत्येक गाडीला हात दाखवायची गरज नाही. आता ही गोष्ट रत्नागिरी शहरातल्या माणसाला सांगायला ठीक आहे! आमच्या गावाला गाड्या दोन. एक सकाळी सव्वासातची, एक संध्याकाळची, आणि संध्याकाळची आली तर आली. गाडी दिसली आणि हात केला नाही, तर आठ किलोमीटर चाल! आमच्याकडे पोर चालायला लागायच्या आधी एसटीला हात करायला शिकतं. त्यामुळे झालं काय, मी डोळे मिटले, पहिला विचार आला, सहाण दिसली, पालखी दिसली, तीनशे माणसं दिसली, आणि माझा उजवा हात आपोआप वर! मॅडमचा आवाज आला, 'काही विचारायचंय का?' मी म्हटलं नाही. हात खाली. दुसरा विचार, परत हात वर. 'बाथरूम बाहेर उजवीकडे आहे,' मॅडम म्हणाल्या. आता नाही कसं म्हणणार? बिचाऱ्या एवढं प्रेमाने सांगतायत! गेलो, दोन मिनिटं उभा राहिलो, परत आलो. तोवर फारुकभाईंचं ध्यान लागलेलं. सगळे त्यांच्याकडे कौतुकाने बघतायत. ध्यान कसलं, घोरत होते ते, मी मोटारीचा माणूस आहे, मला आवाज कळतात. मी मनात म्हटलं, बघा, लोकांना झोपून जमतं, आपल्याला जागं राहून जमत नाही. आपल्याच्यानं काय होणार!

तिसऱ्या रविवारी तर मी कायमचाच घरी बसलो असतो, असा प्रकार झाला. मॅडम म्हणाल्या, आज आपण स्वतःशी चांगलं बोलायचं. मी एक-एक वाक्य मोठ्याने म्हणेन, तुम्ही डोळे मिटून ते मनात मुरू द्या. खोलीत शांत, उदबत्तीचा वास, आणि मॅडमनी आवाज असा जरा लांबवला, उंच नेला आणि म्हणाल्या, 'माझ्यात... सामर्थ्य... आहेऽऽ...' आणि तुम्हाला सांगतो, मी काही ठरवून केलं नाही, देवाशपथ! लहानपणापासून कान तयार झालेला, कोणी असा आवाज लांबवला आणि थांबला की पुढचं आपोआप येतं! मी डोळे मिटलेले, बेंबीच्या देठापासून ओरडलो, 'व्हय म्हाराजा!'

उदबत्तीची राख पडली हो.

मी डोळे उघडलेच नाहीत. म्हटलं आता उघडायचेच नाहीत, असंच चाचपडत जिना उतरायचा, घरी जायचं आणि पुन्हा रत्नागिरीचं नाव काढायचं नाही. कानाची पाळी तापलेली. पण मॅडमही रत्नागिरीच्याच ना, शिमगा काय त्यांनी बघितला नसेल? त्या सरळ पुढचं वाक्य म्हणाल्या, तेसुद्धा आणखी लांबवून, 'मी शिकू शकतोऽऽ...' आणि या वेळी शेजारून फारुकभाई, 'व्हय म्हाराजा!' तिसऱ्या वाक्याला लांज्याच्या एक बाई, बँकेतले एक निवृत्त साहेब, सगळे! सोळाच्या सोळा! खालच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर वर बघायला आला, त्याच्या खुर्चीतला पेशंट घाबरला होता म्हणे. आणि मी डोळे उघडले तर सगळे हसतायत, पण माझ्याकडे बघून कोणी हसत नव्हतं, सगळे आपापलं हसत होते. हा फरक मला सत्तेचाळीसाव्या वर्षी कळला.

वर्ग सुटल्यावर मॅडमनी थांबवलं. मी आधीच सॉरी म्हणून टाकलं. त्या म्हणाल्या, कशाबद्दल? मग विचारलं, तुम्ही इथे कशासाठी येता? आणि मी सगळं सांगून टाकलं, सहाण, बोकड, बाबा, मान, सगळं. त्यांनी मध्ये तोडलं नाही. शेवटी एक कागद दिला, मध्ये रेघ मारली आणि म्हणाल्या, या बाजूला तुमचं ते वाक्य लिहा, त्या बाजूला पुरावा लिहा. कोर्टासारखं. वाक्य खरं असेल तर पुरावा असणारच. मी म्हटलं पुरावा भरपूर आहे! आणि लिहायला बसलो. एक, बोकडासारखा आवाज. दोन... दोन काही सुचेना हो! लग्नाचा फोटो लिहिला. त्या म्हणाल्या, हा तर फोटोवाल्याविरुद्धचा पुरावा आहे. मग त्यांनी उलट तपासणी सुरू केली.

'बावीस वर्षांत किती मोटारी दुरुस्त केल्यात?'

म्हटलं मोजल्या नाहीत, चार-पाच हजार.

'फिरल्या?'

म्हटलं फिरल्या, पण ते तारेचं श्रेय, तार चांगल्या कंपनीची असते.

'आणि विहिरीतही तार उतरते का सदानंदभाऊ?'

मला कोणी इतक्या गोडीने कोपऱ्यात घेतलं नव्हतं. मी त्या कागदाकडे बघत राहिलो. एका बाजूला पस्तीस वर्षं आणि एक बोकड, दुसऱ्या बाजूला पाच हजार मोटारी. मला वाटलं मी सुटणार बहुतेक. पण वर्गात सुटणं वेगळं आणि सहाणेवर उभं राहणं वेगळं, हे मलाही कळत होतं. मॅडमनी एकच गोष्ट सांगितली, बोलायच्या आधी पाच श्वास घ्या, घाई करू नका, गाव कुठे पळून जात नाही.

मग केली सुरुवात. दुकानात शटर अर्धं ओढून पाच-पाच मिनिटं बसायचो. हायवेचं काम चाललेलं, श्वास आत घेतला की धूळ, बाहेर सोडला की धूळ, पण बसायचो. वाक्य यायचं. रोज यायचं. 'आपल्याच्यानं काय होणार.' मी म्हणायचो, बरं, पुरावा काय? ते जरा घुटमळायचं आणि जायचं. गेलं नाही तरी निदान बसायला खुर्ची मागायचं नाही. आणि एक दिवस तिठ्यावरच्या हॉटेलात मिसळ सांगितली आणि समोर वडा आला. मी पाच श्वास घेतले. तो वडा ठेवणारा म्हणाला, 'काका, बरं नाही वाटत का?' मी म्हटलं, 'मी मिसळ सांगितली होती.' तो 'सॉरी' म्हणाला आणि मिसळ घेऊन आला! एवढंच! अहो, एवढंच असतं? मी पस्तीस वर्षं लोकांची इडली खातोय आणि एवढंच असतं? ती मिसळ तिखट होती म्हणून डोळ्यांत पाणी आलं की आणखी कशाने, ते माहीत नाही.

मग माघात फारुकभाईंचा पंप बंद पडला. उतरलो विहिरीत. खाली गेलो, काम झालं, गार वाटत होतं, आणि म्हटलं इथे कोण ऐकतंय? हात जोडले आणि सुरुवात केली, 'बा देवा म्हाराजा, आज हयसर जमलेल्या तुझ्या लेकरांचं मागणं...' आणि तुम्हाला सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. कारण विहिरीतून वर जो आवाज चालला होता, तो बाबांचा होता. तोच भरदार, तसाच घुमणारा. मी गप्प झालो. वर बघितलं. आकाशाचा एवढासा तुकडा आणि त्यात फारुकभाईंचं डोकं. ते वरून म्हणाले, 'व्हय म्हाराजा! थांबलास का?' म्हटलं, फारुकभाई, बाबांचा आवाज ऐकलात? ते म्हणाले, 'सदू, खाली तू एकटाच आहेस.' म्हणजे तो माझाच होता हो! बोकड कधीचा गेला होता, आणि मला कोणी सांगितलंच नव्हतं. मीच कधी तोंड उघडलं नव्हतं तर कळणार कसं?

शिमगा आला. सकाळचे अकरा, ऊन चढलेलं, मुंबईहून सगळे चाकरमानी आलेले, तीन-साडेतीनशे माणूस सहाणेभोवती. पालखी बसली. ढोल थांबले. केरूतात्यांनी खूण केली. मी पुढे गेलो, हात जोडले, तोंड उघडलं... आणि सगळं गेलं! पहिला शब्दसुद्धा नाही! डोकं असं कोरं, जसं काही कोणी मेन स्विच खाली ओढला. समोर देव, मागे गाव, आणि मधे मी. ईशा समोरच्या बाजूला उभी होती, तिचा चेहरा पांढरा पडलेला मला दिसला. सगुणाने पदर तोंडाला लावलेला. आणि ते वाक्य आलं, अगदी वाजतगाजत आलं. मग मी दुसरं काही करता येत नाही म्हणून डोळे मिटले आणि श्वास मोजायला लागलो. एक. कोणीतरी खोकलं. दोन. एक पोर रडलं, त्याला कोणी दटावलं. तीन. चार. आणि मला मागे कुजबुज ऐकू यायला लागली, म्हाताऱ्या बाया एकमेकींना सांगत होत्या, 'गप ऱ्हा गो, त्येचं ध्यान लागलंय.' पाच श्वास होईपर्यंत सगळ्या सहाणेने हात जोडले होते! बाबांच्या वेळी मागचे लोक तंबाखू मळत असायचे. माझ्या वेळी पान हलत नव्हतं. आणि हे सगळं का, तर मला काही आठवत नव्हतं म्हणून!

मग सुरू झालं. विहिरीतला आवाज आला बाहेर. बा देवा म्हाराजा... व्हय म्हाराजा! दर्यावर गेलेले... व्हय म्हाराजा! मुंबईत, आखातात पोटासाठी गेलेले... व्हय म्हाराजा! कलमांना मोहोर, गुरांना चारा, पोरींना शिक्षण, पोरांना अक्कल... यावर हसले लोक, पण व्हय म्हाराजा! एक-एक मागणं चाललंय, मी चालत्या गाडीत बसलेला, आणि शेवटाला बाबांची एक ठरलेली ओळ होती ती काही केल्या आठवेना. तोंड तर उघडं. गाव वाट बघतोय. आणि तोंडातून जे आलं ते आलं. म्हटलं, 'आणि बा म्हाराजा, ह्या गावात ज्या कोणाच्या मनात असं येत असेल, की आपल्याच्यान काय व्हनार... त्याच्या मनातली ती पीडा आजपासून दूर कर रे म्हाराजा!'

मी म्हटलं, झालं, गेला मान.

आणि मग असा आवाज उठला, असा आवाज उठला, की पालखीवरचे गोंडे हलले. 'व्हय म्हाराजा!' सगळ्या गाऱ्हाण्यात एवढ्या जोरात कशालाच नाही! दर्यावरच्यांना नाही, मुंबईवाल्यांना नाही! मी चहूकडे वळून बघितलं. डोळ्यांना गॉगल लावलेले मुंबईचे साहेब ओरडत होते, पोलीस पाटील ओरडत होते, सासवा ओरडत होत्या, सुना ओरडत होत्या, सगुणा पदर सोडून ओरडत होती. सगुणा! जिला मी पंचवीस वर्षं भितो! मला तर वाटत होतं हे दुखणं गावात मला एकट्यालाच आहे. अहो, साथ होती ती! सगळ्यांनी आपापल्या घरात झाकून ठेवलेली.

पालखी उठली, नाचायला निघाली, आणि केरूतात्यांनी मला बाजूला, फणसाखाली बसवलं. मी म्हटलं, तात्या, शेवटची ओळ चुकली. तात्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, 'सदू, तुला यक सांगू? तुझा बापूस दर वर्साला गाऱ्हाण्याच्या आदी देवळाच्या मागं जाऊन वकायचा. मी पाठ चोळायचो त्येची. आनी ह्येच बोलायचा. केरू, माज्याच्यान काय व्हनार. यक्केचाळीस वर्सं.'

म्हणजे ते वाक्य माझ्यासाठी नव्हतंच. ते बाबांचं स्वतःचं होतं, रोजच्या वापरातलं, त्या दिवशी चुकून माझ्या अंगावर सांडलं. आणि मी... पस्तीस वर्षं... मी हसायला लागलो, आणि हसता हसता रडायला लागलो, आणि बाबांची इतकी आठवण आली, की ते गेले तेव्हा आली नव्हती एवढी आली. एवढा मोठा आवाज आणि मागे जाऊन एकटे ओकायचे. मला सांगितलं असतं तर मी पाठ चोळली असती की. छातीवर गोण होती ती उतरली, तुम्हाला सांगतो, उतरताना कळलं की किती वजनाची होती.

मी डोळे पुसतोय आणि केरूतात्या इकडेतिकडे बघून हळूच म्हणतात, 'सदू, ती बाय कुटं बसते रे?' म्हटलं कोण बाय? म्हणाले, 'तीच, श्वास शिकवनारी. मना पन जरा... अठ्ठ्यात्तर झाली, आता नाय तर कंदी?'

आणि इथेच माझं चुकलं! मी पत्ता दिला. नको म्हणायला अजून शिकलो नव्हतो ना, ते सातव्या रविवारी होतं. तात्यांनी बायकोला सांगितलं, तिने वाडीला सांगितलं. सातव्या रविवारी सव्वासातच्या एसटीला आमच्या वाडीतून एकोणीस माणसं! कंडक्टर म्हणाला, लग्न कोणाचं? सगुणा पुढच्या सीटवर, डब्यात घावणे घेऊन. मॅडमकडे गाद्या सोळा. त्यांनी दाटीवाटीने सगळ्यांना बसवलं, फारुकभाईंना घोरायला भिंतीकडेची जागा दिली, आणि मी बसणार तेवढ्यात माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, 'सदानंदभाऊ, तुमचं आता उत्तम चाललंय. तुमची गादी तात्यांना द्या.'

आता मला सांगा, सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा एक जागा मिळाली होती जिथे जाऊन बसलं की बरं वाटायचं, आणि बरं वाटलं म्हणून तिथून उठवलं! आणि 'नको' कसं म्हणायचं ते शिकवणार होत्या नेमक्या त्याच दिवशी, दार लावून आत! आठ रविवार संपले, तर मॅडमनी वाडीसाठी लगेच नवा वर्ग काढला, तेव्हापासून दर रविवारी सगळ्या वाडीला घेऊन येतो, वर सोडतो, आणि इथे जिन्यात बसतो, तुमच्यासारखे दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसलेले कोणी भेटले की बोलतो. आत तात्या श्वास बघतात, सगुणा श्वास बघते, आणि बाहेर मी एकोणीस जोड चपला बघतो. पण खोटं कशाला बोलू... शांत वाटतं हो. काही करावं लागत नाही.